वॉलेट गोठत नाही म्हणतात, पण खातं गोठतं
सांगली-साताऱ्यातल्या दोस्तांमध्ये क्रिप्टोचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकतो: "बँक खातं पोलीस फ्रीज करतात, वॉलेट कोण करणार?"

भीती खोटी नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली नुसत्या संशयावरही खातं गोठवता येतं. गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही.

पण पी-टू-पीवर यूएसडीटी विकलं की रुपये येतात बँकेतच! समोरच्याने फसवणुकीचे पैसे पाठवले असतील तर तपासाच्या साखळीत तुमचं खातं येतं. मग तक्रार दुसऱ्या राज्यातली आणि हेलपाटे तुमचे.

वॉलेटही अभेद्य नाही. पुण्यातल्या २०१८ च्या बिटकॉइन फसवणूक प्रकरणात पोलिसांनी आरोपींची क्रिप्टो ताब्यात घेतली. मार्च २०२२ मध्ये त्याच तपासाला मदत करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांना अटक झाली, त्यातले एक माजी आयपीएस. आरोप काय, तर तीच क्रिप्टो स्वतःकडे वळवली. प्रायव्हेट की हाती आली की वॉलेट मालक विचारत नाही. पोलिसांनाही नाही, चोरालाही नाही.

खातं फ्रीज झालंच तर बँकेकडून तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी मागा. व्यवहाराचे स्क्रीनशॉट जपा. तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खातं मोकळं करण्याचा अर्ज करता येतो.