गावात ऐकणारं माणूस नेमा

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२च्या ऑगस्टमध्ये एक ठराव अमलात आणला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. करोनाकाळातल्या ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातातला फोन सुटत नव्हता, हे त्यामागचं कारण. बातमी परदेशापर्यंत गेली. कौतुक झालं, तशी थोडी चेष्टाही झाली. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ग्रामसभेत गटार, रस्ता, पाणीपट्टी असे विषय येतात. घरातली संध्याकाळ कशी जाते, हा गावाचा प्रश्न आहे असं सहसा कोणी म्हणत नाही. वडगावने ते म्हटलं, आणि त्यासाठी तज्ज्ञ लागला नाही की सरकारी योजना. पण भोंग्याने मिळतो तो वेळ. महिनोन्‌महिने झोप नसलेल्या सुनेला किंवा द्राक्षबाग हातची गेल्यावर जेवणावरची वासना उडालेल्या बागायतदाराला तो दीड तास उलट अंगावर येऊ शकतो. त्यांना ऐकून घेणारं माणूस हवं. ते गावातलंच असावं, शिकवून तयार केलेलं असावं आणि त्याला कामाचा मोबदला मिळावा, एवढीच माझी मागणी आहे.

सातारा-सांगलीत डॉक्टर नाहीत असं कोणी म्हणणार नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिशनचं रुग्णालय आहे, आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात. कराडची रुग्णालयंही मोठी आहेत. तरी मनाचं दुखणं तिथपर्यंत मनाचं म्हणून पोचतच नाही. छातीत धडधडतं, अंग दुखतं, डोकं जड होतं, अशा तक्रारी घेऊन माणूस येतो आणि सलाईन लावून घरी जातो. फरक पडला नाही की ‘बाहेरचं काहीतरी आहे’ म्हणून देवरुषाकडे. ‘निम्हान्स’च्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार आढळला आणि नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या आजारांत सुमारे ८५ टक्के लोक उपचारांबाहेर दिसले. त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच, तेव्हा आपला आकडा याहून बरा असेल असं समजून निवांत बसायलाही जागा नाही. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्याने २०१५मध्ये आणलेला ‘प्रेरणा’ प्रकल्प विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांपुरता होता. ऊस आणि साखर कारखान्यांचा सधन मुलूख म्हणून सातारा-सांगलीकडे पाहिलं जातं. त्या चित्रात जत-आटपाडी, माण-खटाव हे अवर्षणग्रस्त तालुके बसत नाहीत. पाटण-जावळीची कर्ती माणसं माथाडी म्हणून मुंबईत, खानापूर-आटपाडीची सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर, आणि मागे उरलेली म्हातारी माणसं व बायका, हेही त्यात दिसत नाही. २०१९च्या महापुरात ब्रह्मनाळला नाव उलटली, २०२१च्या जुलैत आंबेघर आणि मिरगाववर दरड कोसळली. घरांचे, जनावरांचे, पिकांचे पंचनामे झाले. ज्यांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्या झोपेचा पंचनामा करायला तलाठ्याकडे रकाना नसतो.

गावातल्या माणसाला शिकवून खरोखर काही साधतं का? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाने हा प्रयोग झाला. गावातल्या कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायचं, गरज दिसली तर प्रशिक्षित समुपदेशकाकडे न्यायचं आणि त्याहून पुढचं काम मानसोपचारतज्ज्ञाने करायचं, अशी त्याची उतरंड होती. ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त २०१७मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तुलनेसाठी प्रयोगाबाहेरची गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रयोगालाच देता येणार नाही. पण एवढी उडी आपोआप पडत नसते. गोव्यातला पुरावा अधिक कसाचा आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के.

अर्धवट शिकलेला माणूस घात करेल, ही भीती अनाठायी नाही. गोव्यात समुपदेशकांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं तपासली जात, चुका दाखवल्या जात. यशाचं मर्म त्या देखरेखीत आहे. आपल्याकडे दोन दिवसांचं शिबिर, प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो एवढ्यावर प्रशिक्षण संपतं. तसंच करायचं असेल तर या वाटेला न गेलेलंच बरं. भ्रम, तीव्र व्यसन, जीव देण्याचे विचार दिसले की आपलं काम कुठे थांबतं आणि त्याच दिवशी कोणाला फोन करायचा, हे या माणसाला आधी शिकवावं लागेल. दुसरी शंका मला जास्त खरी वाटते: गावात सांगितलेलं चावडीवर जायला किती वेळ लागतो? म्हणून निवड सरपंचाच्या शिफारशीने होऊ नये, गावात दोघं असावेत, त्यांतली एक बाई असावी, आणि ज्याला आपल्या गावात बोलायचं नाही त्याला शेजारच्या गावातल्याकडे जाण्याची मुभा असावी. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक अशांसाठी मोलाचा आहे. पण फोन नवऱ्याच्या खिशात असलेल्या बाईला तो पुरत नाही.

कर्ज बँकेचं, भाव बाजाराचा, पाऊस आभाळाचा; मग बोलून काय होणार, असंही विचारलं जातं. बोलण्याने कर्ज फिटत नाही. पण बँकेत जाऊन हप्त्यांची पुनर्बांधणी मागायला, पीकविम्याची तक्रार मुदतीत नोंदवायला माणूस अंथरुणातून उठावा लागतो. भाव मागणारं आंदोलन आणि ऐकणारं माणूस यांत एकाची निवड करायला शेतकऱ्याला कोणी सांगितलं आहे? सरकार हात झटकेल, हा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. हे काम आशा सेविकांच्या वहीत आणखी एक रकाना म्हणून ढकललं जाईल, ही शक्यता सर्वांत मोठी. मोबदल्यासाठी २०२३मध्ये संपावर जावं लागलेल्या बायकांवर गावाच्या दुःखाचं ओझंही फुकटात टाकणं निर्लज्जपणाचं ठरेल. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयातला मानसोपचारतज्ज्ञ आणि ग्रामीण रुग्णालयातली औषधं यांत सूट नाही. पाठवायला जागाच नसेल, तर ऐकणाऱ्यालाही काही दिवसांत तोंड लपवावं लागेल.

यासाठी लागणारा अनुभव साताऱ्यात आहे. डॉ. नरेंद्र आणि डॉ. शैला दाभोलकरांच्या पुढाकारातून उभी राहिलेली परिवर्तन संस्था व्यसनमुक्तीचं काम तिथे अनेक वर्षं करते आहे, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने ‘मानसमित्र’ घडवले आहेत. देवरुषाकडे जाणाऱ्याला न हिणवता दवाखान्यापर्यंत कसं आणायचं, हे त्यांना ठाऊक आहे. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयाने देखरेख करावी, मानधन जिल्हा नियोजन समितीने द्यावं, आणि सुरुवात एका अवर्षणग्रस्त व एका डोंगरी तालुक्यात व्हावी. जत आणि पाटण माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दोन वर्षांनी किती जणांना तज्ज्ञाकडे पाठवलं, त्यातले किती खरोखर पोचले आणि किती जणांनी औषधं मध्येच सोडली, याचे आकडे ग्रामसभेत नावांशिवाय वाचून दाखवावेत. ते वाईट निघाले तर प्रयोग बंद करण्याचा अधिकारही त्याच ग्रामसभेला असावा.