जंजिऱ्याची रोजी आणि परंड्याचे दगड

व्यापाऱ्याला कुठे फिरून या म्हटले की तो आधी दुकानाकडे बघतो. दोन दिवस शटर खाली म्हणजे दोन दिवसांचा गल्ला बुडाला, हा हिशेब आम्हालाही पाठ आहे. तरीही परंडा आणि आसपासच्या व्यापारी व कारागीर बांधवांना आमचे सांगणे आहे की हंगाम सरल्यावर, हात जरा मोकळे झाले की, एकदा मुरुड-जंजिऱ्याला जाऊन या. जमिनीवर फिरा आणि तुमच्या आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, अशी ताकीद कुरआनात पुन्हा पुन्हा आली आहे. ती करमणुकीसाठी नाही, शिकण्यासाठी आहे. जंजिऱ्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे थेट आपल्या धंद्याशी व आपल्या गावाशी निगडित आहे.

मुरुड हे रायगड जिल्ह्यातले समुद्रकाठचे गाव. जवळच राजपुरीच्या खाडीच्या तोंडावर, पाण्यात, जंजिरा किल्ला उभा आहे. अरबीत बेटाला जझीरा म्हणतात, त्याचाच हा मराठी उच्चार. तिथे पहिला लाकडी मेढेकोट कोळ्यांचा होता. पुढे निजामशाहीने तो घेतला, दगडी तट बांधले आणि कारभार हबशी सरदारांच्या हाती दिला. हे हबशी म्हणजे आफ्रिकेतून, आजच्या इथिओपियाच्या बाजूने आलेली माणसे. त्यांतले कित्येक गुलाम म्हणून विकले गेले होते. त्याच लोकांनी, ज्यांना आपण सिद्दी म्हणतो, या खडकावर आरमार उभे केले आणि राज्य केले. सुरुवातीच्या काळात त्यांच्यात बापाची गादी मुलाला मिळेलच असे नव्हते; कर्तबगार सरदार पुढे येई. शिवाजी महाराजांनी आणि १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी मोठी शिकस्त केली, पण किल्ला सिद्द्यांकडेच राहिला. मोगलांच्या वतीने समुद्रावर पहारा ठेवण्याचे कामही याच आरमाराकडे होते. अखेर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले.

आज तिथे काय पाहायला मिळते? राजपुरीहून शिडाची होडी निघते. अगदी तटाजवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, अशी बांधणी. आत गोड्या पाण्याचे तलाव, पडके वाडे, मशीद आणि बुरुजांवर तोफा. त्यांतली कलालबांगडी सर्वांत नावाजलेली. राजपुरीजवळ खोकरी येथे सिद्दी सरदारांचे मकबरे आहेत. मुरुडला नवाबांचा राजवाडा डोंगराच्या टोकावर आहे, तो मात्र खासगी असल्याने बाहेरूनच पाहावा. आजूबाजूला नारळ-सुपारीच्या वाड्या आणि ताजी मासळी.

आम्हाला मोलाची वाटली ती तिथली रोजी. किल्ल्यातला नवाब गेला, आरमार गेले, तरी किल्ला माणसांना पोसतो आहे. होडीवाला, तिकीट देणारा, माहिती सांगणारा, शहाळेवाला, सरबतवाली, खानावळ, लॉज, रिक्षा, सुपारीचे दुकान अशी कितीतरी चुलींची साखळी त्या एका खडकाला बांधलेली आहे. त्यात कोळी आहेत, कोकणी मुसलमान आहेत, इतरही आहेत. होड्यांचे दर ठरलेले असतात आणि पाळी लावून काम चालते. गिऱ्हाईक ओढण्यावरून रोज भांडत बसले असते तर हा धंदा केव्हाच बुडाला असता.

सगळेच चांगले आहे असे मात्र नाही. होडीत जो इतिहास सांगितला जातो त्यात तिखटमीठ भरपूर असते. हबशी कोण होते, कुठून आले, त्यांचे काय झाले, हे विचारले तर उत्तर दोन वाक्यांत संपते. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणजे कमाईही बंद. कचऱ्याचा प्रश्न आहेच. गुणांबरोबर हे दोषही पाहून घ्यावेत.

परदेशातही असे दाखले आहेत. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात टार्पन स्प्रिंग्ज नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. १९०५ पासून ग्रीस देशाच्या बेटांवरून, म्हणजे आपण ज्यांना यूनानी म्हणतो त्या मुलखातून, पाणबुडे तिथे येऊन राहिले. समुद्राच्या तळाचा स्पंज काढून विकणे हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. १९४० नंतरच्या काळात स्पंजावर रोग पडला, पुढे कारखान्यातला नकली स्पंज बाजारात आला आणि धंद्याचा कणा मोडला. पण त्या लोकांनी आपली भाषा, आपले जेवण, आपले सण सोडले नव्हते. लोक तेच पाहायला आणि चाखायला येऊ लागले. स्पंजाचा धक्का आजही आहे. तिथे स्पंजाबरोबर खानावळीही चालतात. मूळ माल कमी झाला तेव्हा त्यांची जपलेली ओळखच त्यांच्या कामी आली.

आता परंड्याकडे वळू. आपल्याकडे समुद्र नाही, पण बाहेरून आलेल्या माणसांचा वारसा जंजिऱ्यापेक्षा कमी नाही. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा मलिक अंबर याने मुर्तझा निजामशाहला गादीवर बसवून राजधानी परंड्याला आणली. हा मलिक अंबरही हबशीच. गुलामांच्या बाजारात विकला गेलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथल्या नहरी त्याच्याच. त्याच्या फौजेत मराठे सरदार मोठ्या संख्येने होते; १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. ज्यांना इतिहासात फक्त हिंदू-मुसलमान भांडण दिसते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसरा दाखला कारागिरांसाठी. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ जगप्रसिद्ध आहे. वजन सुमारे ५५ टन मानतात. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि बराच काळ आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली. तोफेवर ओतणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: मुहम्मद बिन हसन रूमी. रूम म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा मुलूख. एक परदेशी कारागीर दख्खनमध्ये येतो आणि सुलतानाच्या नावाबरोबर त्याचे नाव धातूत उमटते. हुनराची इतकी कदर त्या काळी होती.

आणि आज? किल्ल्याचे दुहेरी तट, खंदक, मशीद, हमाम, तोफा पाहायला शिकलीसवरली माणसे पुण्या-सोलापूरहून येतात, तास-दोन तास फिरतात आणि जेवायला बार्शी गाठतात. गावात त्यांचा रुपया उतरत नाही. कारण माहिती सांगायला कोणी नाही, निवांत बसून जेवावे अशी जागा नाही, आठवण म्हणून घरी न्यावी अशी एक वस्तू नाही. किल्ला पुरातत्त्व खात्याचा, आपला काय संबंध, असे म्हणून आपण मोकळे होतो. जंजिरा तरी कुठे होडीवाल्यांच्या मालकीचा आहे? त्यांनी फक्त येणाऱ्या माणसाची गरज ओळखली.

आमच्या सूचना साध्या आहेत. गावातल्या चार-पाच तरुणांनी, मुलींनीही, परंड्याचा इतिहास नीट वाचून पाहुण्यांना दाखवण्याचे काम अंगावर घ्यावे. सर्व समाजांतले तरुण त्यात असावेत. फारसी शिलालेख वाचू शकणाऱ्या उलमांची मदत घ्यावी. खरे तेवढेच सांगावे. मापात खोट जशी हराम, तशी इतिहासातली खोटही. खानावळवाल्यांनी ज्वारीची भाकरी, मटणाचा रस्सा, खिचडा असे आपले जेवण स्वच्छ जागेत, दर लिहून द्यावे. पितळेचे आणि लोखंडाचे काम करणाऱ्यांनी मलिक-ए-मैदानची हातात मावेल अशी प्रतिकृती करून पाहावी. आणि हे सगळे एकट्यादुकट्याने न करता राजपुरीच्या होडीवाल्यांसारखे पाळी आणि दर ठरवून करावे.

यातून उद्या कोणी लखपती होणार नाही. सुरुवातीला महिन्याला दहा पाहुणे आले तरी पुष्कळ. पण आज आमची शिकलेली मुले पुण्या-मुंबईच्या गाड्या धरतात, कारण गावात नवा धंदा निघत नाही. गावच्याच दगडांतून दोन-चार घरांची चूल पेटली तर ती मुले इथे राहतील. म्हणून म्हणतो, जंजिऱ्याला जा, पण एकटे जाऊ नका. दुकानात बसणाऱ्या मुलाला बरोबर न्या, होडीत त्याला शेजारी बसवा आणि तिकिटाचा हिशेब त्यालाच करायला सांगा. मलिक अंबर परंड्याला आला तेव्हा त्याच्याजवळ ना घराणे होते ना जहागीर. आपल्याजवळ निदान त्याने निवडलेले गाव आहे.