कर नाही त्याला…

वर्षभर एक म्हण माझ्या कानावर आदळत राहिली : ‘कर नाही त्याला डर कशाला?’ जुलैत विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं तेव्हा ऐकली, फोन टॅपिंगचा विषय निघाला की ऐकली आणि आमच्याच एका जुन्या वर्गणीदारांच्या तोंडूनही ऐकली. तीस वर्षं अंक घेणारा सज्जन माणूस. तो वाद तेव्हा अर्धवट राहिला, आज पुरा करतो.

जूनअखेरीस अंकाची जुळवाजुळव चालू असताना साध्या वेशातले एक गृहस्थ कार्यालयात आले. खुर्चीच्या कडेवर बसले, चहा घेतला. यंदा कोण कोण लिहितंय, आदिवासी भागात काम करणाऱ्या एका बाईंचा लेख आहे का, त्या सध्या कुठे राहतात, असं विचारलं. मी जुजबी उत्तरं दिली. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, चार ओळी लिहिल्या, नमस्कार करून गेले. बोलणं अतिशय नम्र होतं. पण त्या चार ओळी कोणत्या फायलीत गेल्या, खऱ्या की खोट्या, किती वर्षं तिथे राहणार, हे मी विचारायचं कुणाला?

देशातली सर्वांत मोठी अंतर्गत गुप्तचर संस्था, इंटेलिजन्स ब्यूरो, 1887 पासून आहे. इंग्रजांनी ती उभारली, आपण ती पुढे चालवली. पण तिचे अधिकार काय आणि मर्यादा काय, हे सांगणारा संसदेचा कायदा आजवर झालेला नाही. 2011मध्ये मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक आणलं, ते तसंच विरून गेलं. माहिती अधिकाराच्या कलम 24ने भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे आरोप सोडले, तर या संस्थेला कायद्यातून वगळलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1996मध्ये फोन टॅपिंगवर फेरतपासणी समितीचं बंधन घातलं. केंद्रात ही समिती तीन सचिवांची. म्हणजे सरकारचे आदेश सरकारचेच अधिकारी तपासतात. एक न्यायाधीश नाही, एक खासदार नाही. डेटा संरक्षणावरच्या न्या. श्रीकृष्ण समितीने 2018च्या अहवालात याचा हिशेब मांडला आहे. केंद्राचे महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश आणि समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा. एका बैठकीपुढे पंधरा ते अठरा हजार आदेश. समिती सलग आठ तास बसली, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत.

आता त्या म्हणीकडे येतो. 2019मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचखोरीच्या खटल्यातले फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले, ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. त्या माणसाला आपला फोन ऐकला गेल्याचं कळलं, कारण त्याच्यावर खटला होता. ज्याच्यावर खटलाच नाही, ज्याने काही केलेलंच नाही, त्याला ते कधीच कळत नाही. मग तो दाद मागणार कुठे? वर्गणीदार महाशय, या व्यवस्थेत ज्याचा ‘कर’ नाही तोच सर्वांत निराधार आहे.

गुप्तचर नकोत, असं मुंबईत राहणारा कुणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण 26/11नंतर राम प्रधान समितीने बाहेरून प्रश्न विचारले, म्हणूनच आलेल्या इशाऱ्यांची हाताळणी कशी ढिसाळ झाली ते समजलं. ब्रिटनच्या संसदेतल्या सदस्यांची समिती 1994 पासून गुप्तचरांना प्रश्न विचारते. अमेरिकेत 1975मध्ये सिनेटच्या चर्च समितीने स्वतःच्याच यंत्रणांची लफडी बाहेर काढली, मग काँग्रेसच्या कायम समित्या आल्या. दोन्ही देशांच्या गुप्तचर संस्था आजही काम करताहेत. आपल्या खासदारांना गुपित सांभाळता येणार नाही असं मानायचं असेल, तर त्यांच्यावर देश तरी कसा सोपवायचा?

बाकी वर्षाचं काय सांगावं? पहिलीपासूनच्या हिंदीचा निर्णय मराठी माणसाने परतवला. कागद महागला. रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. त्याच निमित्ताने यंदाचा विशेष विभाग आम्ही पत्रांना वाहिला आहे. तो वाचताना एवढं ध्यानात असू द्या : 1948 ते 1968, तब्बल वीस वर्षं, नेताजींच्या कुटुंबावर पाळत होती, घरची पत्रं उघडून त्यांच्या नकला केल्या जात होत्या. देशाला हे कळलं 2015मध्ये. आणि टपाल उघडण्याचे अधिकार वाढवणारं विधेयक 1986मध्ये संसदेने मंजूर केलं, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंगांनी त्यावर सही केली नाही. एका माणसाच्या न झालेल्या सहीवर ते अडलं. प्रत्येक वेळी तसा माणूस तिथे असेलच असं नाही. म्हणून कायदा हवा, संसदेची समिती हवी.

त्या गृहस्थांची भेट मी लेखिकेच्या कानावर घातली. सांगणं माझं कर्तव्यच होतं. चार दिवसांनी त्यांचं आंतरदेशीय पत्र आलं. ज्या मुलींबद्दल लिहिलं होतं त्यांच्या घरी कुणी चौकशीला जाऊ नये, म्हणून लेख परत मागितला होता. मी तो परत पाठवला. अनुक्रमणिकेत तुम्हाला त्यांचं नाव दिसणार नाही.