पैकी म्हणजे वर

प्रमुख पाहुणा म्हणून बोलावणं आलं की माणसाच्या चालण्यात फरक पडतो. माझ्याही पडला. इस्त्रीचा शर्ट घालून मी सोलापूरच्या पूर्वभागातल्या त्या शाळेत पोचलो. विणकर समाजाच्या मंडळानं वर्गणी काढून उभी केलेली शाळा, खोल्या पाच, वर पत्रे आणि भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना. बहुतेक पोरांच्या घरी आई विड्या वळते, बाप मागावर. वर्गात मराठी, सुट्टीत तेलुगू. शेजारची खटखट कानांना इतकी सवयीची की ती थांबली तरच पोरं खिडकीकडे बघतात. "लाईट गेली," कुणीतरी म्हणतं, आणि गणित पुढं चालू.

मी वाचनाच्या महत्त्वावर चाळीस मिनिटं बोललो. टाळ्या झाल्या, गुलाबाचं फूल झालं, सोलापुरी टॉवेल झाला. निघताना दारात सहावीतल्या एका पोरानं विचारलं, "सर, तुमी परत येणार हाव का?"

"येणार की," मी म्हणालो.

तो शेजारच्याकडं वळला. "म्हंजे नाही बे."

त्याचं चुकलं कुठं? अशा शाळांत येणाऱ्यांचा तोटा नसतो. बँकेचे साहेब बचतीवर बोलून जातात, कुठल्या क्लबची मंडळी वह्या वाटून फोटो काढून जातात. त्यातल्या त्यात पोरांचा जीव जडतो तो सरावपाठाला येणाऱ्या बीएडच्या ताई-दादांवर. हातात पाठ टाचण, बगलेत तक्त्याची सुरनळी, कपाळावर घाम आणि मागच्या बाकावर गुण द्यायला बसलेले प्राध्यापक. पोरांना हा सगळा मामला पाठ असतो. ताई पूर्वज्ञानाचे प्रश्न विचारायला लागल्या की हेतुकथन कुठल्या विषयावर येणार हे त्यांनी आधीच ओळखलेलं असतं. तरी चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. साहेब बघतायत म्हटल्यावर उत्तर न येणारेही हात वर करतात. नवख्या ताईंना पास करायची जबाबदारी आपलीच, असा त्यांचा समज आहे आणि तो फारसा चुकीचा नाही. पण आंतरवासिता संपते आणि ताईही जातात.

या शाळेच्या कार्यालयात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो आहे. सोलापूरचा माणूस, १९१० चा जन्म. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथली भाषा शिकले, जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, पोरांना वैद्यक शिकवलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. पाहुणा म्हणून गेलेला माणूस राहिलाच. चहाचा कप हातात घेऊन मी त्या फोटोखाली बसलो होतो आणि 'म्हंजे नाही बे' कानात होतं.

म्हणून पुन्हा गेलो, पण या खेपेला भाषण न घेता. गुरुवारी दुपारचा एक तास वर्गावरच्या बाईंकडून मागून घेतला. त्यात बाहेरचं जग वर्गात आणायचं ठरवलं. ते कसं आणायचं, याचा धडा आपल्याच जिल्ह्यात गिरवला गेलाय. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पडद्यावरून पोरांना देशोदेशी फिरवून आणलं, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला, तेव्हा दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. मीही पडद्याचाच विचार करत होतो. पण आमच्या शाळेचा प्रोजेक्टर माळ्यावर, त्याची वायर कुणाच्या घरी, आणि बाई म्हणाल्या, "भिंतीपलीकडच्या जॉबरमामांना बोलवू का?"

जॉबर म्हणजे माग लावणारा, बिघडला की दुरुस्त करणारा. मामा आले ते हात पुसतच. साठीच्या घरातले, बनियनवर शर्ट घाईनं चढवलेला, खिशात पान्याचं टोक. काखेत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ, दोऱ्यानं एकमेकींना ओवलेली, प्रत्येक पट्टीवर भोकंच भोकं. टेबलावर ठेवली तर ती उलगडत खाली गेली आणि पहिल्या बाकापर्यंत पोचली. ही जॅकार्डची कार्डं. सोलापुरी चादरीवर मोर उमटतो तो यांच्या हुकमानं.

मामांना 'विद्यार्थी मित्रहो' वगैरे काही येत नव्हतं. त्यांनी एक कार्ड उजेडाकडं धरलं. भोकातून ऊन नववीतल्या एका मुलीच्या वहीवर सांडलं. "भोक हाय, तर सुई आत जाती, हुक उचलतो, ताण्याचा दोरा..." आणि शब्द अडला. अडला म्हणजे मराठीत अडला. "...पैकी!" हात वर. "भोक नाही, तर किंदिकी!" हात खाली.

वर्ग खदखदून हसला. मराठीत पैकी म्हणजे शंभरापैकी पस्तीस. तेलुगूत पैकी म्हणजे वर. मग सगळेच हात वर-खाली करायला लागले. पैकी, किंदिकी, किंदिकी, पैकी. ज्या पोरांचा आवाज मी चाळीस मिनिटांत एकदाही ऐकला नव्हता, ती आता एकमेकांवर ओरडत होती.

बाईंनी लगेच आलेखाचा कागद वाटला. नक्षी आधी चौकोनांवरच रंगवतात, एक आडवी ओळ म्हणजे एक कार्ड, असं मामांनी सांगितलं तेव्हा ज्या कागदावर आजवर फक्त क्ष आणि य अक्ष काढले होते त्याकडं पोरं वेगळ्या नजरेनं बघायला लागली. फ्रान्समधल्या जोसेफ जॅकार्डनं १८०४ च्या सुमाराला हा माग सिद्ध केला आणि पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी अशाच कार्डांची कल्पना घेतली, एवढी भर मी घातली. भोक आहे किंवा नाही, संगणकाचंही तेच. पण माझ्याकडं कोण बघतंय? नववीतल्या त्या मुलीनं सोळा ओळींत एक पोपट काढला होता. मामांनी तो डोळ्याजवळ नेला. "चोच तुटंल," म्हणाले. "एवढा लांब दोरा मोकळा सोडला तर धुण्यात अडकून तुटतोय. मधी एक चौकोन भर." तिनं भरला. माझ्या 'वाचनाचे महत्त्व'ला एवढा नेमका शेरा मारणारं कुणी भेटलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर मामा येत राहिले. शेजारीच असल्यानं त्यांना परत येणार का, असं कुणी विचारलंच नाही. ताण्याचा बीम बदलायला माग थांबला की त्यांना भिंतीपलीकडून हाक येते. विडीच्या हजाराचा हिशेब शिकवायला चौथीतल्या एकीची आजीही येऊन गेली. पान कापताना किती वाया जातं यावरून तिनं शेकडेवारी घेतली आणि बाईंनाही एका ठिकाणी दुरुस्त केलं.

वर्षअखेरीच्या कार्यक्रमात मामांना खुर्चीवर बसवलं, गुलाब दिला, टॉवेल दिला. मी कधी टॉवेल उलटून पाहिला नव्हता. मामांनी तिथंच, मंचावर, तो उलटा केला, किनार नखानं खरवडली आणि माइक चालू असताना बाईंना म्हणाले, "ह्यो आपल्या गल्लीतला नाही. काठाला दोरे कमी घातलेत. कितीला घेतलाव?"