बसतो म्हणून चालतो असे नाही



कुकरची रिंग आणायला मुलाला दुकानात पाठवताना आपण त्याला दोनच गोष्टी सांगतो. कुकर कोणत्या कंपनीचा आणि किती लिटरचा. तेवढ्यावर काम भागते, कारण कुकर कारखान्यातून निघाला तसाच आपल्या ओट्यावर आहे. समजा कोणी भांडे एका कंपनीचे ठेवले आणि झाकण दुसरीचे करून घेतले, तर? मग नाव सांगून रिंग मिळणार नाही. झाकण हातात घेऊन मोजपट्टीच लावावी लागेल.

या महिन्याचा प्रश्न असाच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका भगिनीचा मुलगा इंग्लंडमध्ये जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात लागला आहे. त्या लिहितात की मुलगा तीन दिवस एका गाडीसाठी ऑइल फिल्टर शोधतो आहे. आमच्या शेजारच्या टॅक्सीवाल्याला तो दुकानात पाच मिनिटांत मिळतो. मग मुलाचे काम कच्चे आहे की मालक त्याला उगाच दमवतो आहे? गाडीचे नाव त्यांनी कळवले आहे. एमजीबी, पण मूळचे इंजिन काढून त्या जागी रोव्हरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवलेली.

आम्ही उत्तर सर्वांसाठीच देत आहोत. आपल्या कितीतरी घरांतली मुले इथे आणि बाहेरदेशी गॅरेजात हात काळे करून घर चालवतात. ती फोनवर काय सांगतात ते घरच्यांना समजले पाहिजे.

आधी फिल्टरचे काम पाहू. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधून पंप तेल उचलतो आणि दाबाने वर पाठवतो. वाटेत ते फिल्टरच्या डब्यातल्या घडीदार कागदातून गाळले जाते आणि मग क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा अगदी पातळ थर असतो. तो आहे तोवर लोखंड लोखंडाला लागत नाही. तो तुटला की इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणजे स्वस्तातल्या एका डब्यावर सगळ्या इंजिनाचा जीव अवलंबून असतो.

आता त्या गाडीविषयी. एमजीबी ही दोन माणसांची छोटी स्पोर्ट्स मोटार इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० पर्यंत तयार होत होती. पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, म्हणून तिचे सुटे भाग आजही मिळतात. तिचे मूळ इंजिन १७९८ सीसीचे, चार सिलिंडरचे. ते ज्या ‘बी सिरीज’ घराण्यातले, त्याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन आपल्या अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षे होते. १९५५ साली आलेल्या एमजीए या तिच्या आधीच्या स्पोर्ट्स मोटारीलाही सुरुवातीला १४८९ सीसीचेच इंजिन होते. आपल्याकडच्या ज्या जुन्या मिस्त्रींनी अँबॅसिडरची इंजिने उघडली आहेत, त्यांना एमजीचे मूळ इंजिन परके वाटणार नाही.

रोव्हरचे आठ सिलिंडरचे इंजिन मात्र वेगळ्याच घरचे. अमेरिकेतील ब्युइक कंपनीने ते १९६१ मध्ये ॲल्युमिनियमचे बनवले. पुढे त्याचे हक्क रोव्हरने घेतले आणि १९६७ पासून ते आपल्या गाड्यांत घातले. ताकद पुष्कळ, आणि ॲल्युमिनियममुळे वजन बेताचे. म्हणून एमजीबीच्या शौकिनांची नजर त्यावर गेली. केन कॉस्टेलो यांनी कंपनीच्या आधीच अशा गाड्या करून विकल्या. मग कंपनीने स्वतः १९७३ ते १९७६ मध्ये साडेतीन लिटरच्या या इंजिनाची बंद टपाची एमजीबी जीटी काढली. ती फक्त २५९१ गाड्यांपुरती चालली. त्यानंतर अनेकांनी आपापल्या गॅरेजात आपापल्या पद्धतीने हा बदल केला, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

कारखान्यातून निघालेल्या गाडीचा फिल्टर पुस्तकात नोंदलेला असतो. घरी बदललेल्या गाडीचा कुठेच नसतो. दुकानदार गाडीचा नंबर घालतो आणि संगणक त्याला सांगतो, एमजीबी, १७९८ सीसी. तो प्रामाणिकपणे चार सिलिंडरचा फिल्टर काढून देतो. बरे, रोव्हरच्या इंजिनाचा मागितला तरी तो जुळेलच असे नाही. एमजीबीच्या अरुंद बॉनेटखाली आठ सिलिंडर कोंबल्यावर फिल्टरला जागा राहत नाही. म्हणून बहुतेक जण फिल्टर इंजिनापासून दूर, बाजूच्या पत्र्यावर नेतात आणि दोन रबरी नळ्यांनी जोडतात. ज्या ठोकळ्यावर तो डबा फिरवून बसवायचा, तो ठोकळा तिसऱ्याच कंपनीचा असतो. मध्ये तेल थंड करणारा कूलर घातला असेल तर चौथी कंपनी. वीस-तीस वर्षांपूर्वी हे कोणी केले, ते सांगणारा माणूस आता सापडत नाही. गाडी तीन-चार हातांतून गेलेली असते.

तेव्हा अशा गाडीच्या बाबतीत पहिला नियम हा की गाडीचे नाव बाजूला ठेवायचे आणि डबा जिथे बसतो त्या ठोकळ्याचे माप घ्यायचे. त्यासाठी व्हर्निअर आणि आटे मोजायचा गेज, एवढीच हत्यारे लागतात.

पहिले माप मधल्या नळीवरच्या आट्यांचे. जुन्या इंग्लिश आणि अमेरिकन गाड्यांत बहुधा पाऊण इंची नळी आणि इंचाला १६ आटे असतात. फोर्डचा सर्वत्र मिळणारा एफएल-१ए हा डबा याच मापाचा. पुष्कळ जपानी गाड्यांत नळी २० मिलिमीटरची आणि आट्यांतले अंतर दीड मिलिमीटर असते. वेगळे विकत घेऊन लावलेले ठोकळे दोन्ही मापांत मिळतात. म्हणून इंग्लिश गाडी म्हणजे इंचाचेच आटे, असे धरून चालता येत नाही.

मोठा धोका इथेच आहे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. २० मिलिमीटरमध्ये आणि त्यात एक मिलिमीटरचाही फरक नाही. इंचाला १६ आटे म्हणजे दोन आट्यांत सुमारे १.५९ मिलिमीटर, तर दुसऱ्यात १.५. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. २० मिलिमीटरचा डबा पाऊण इंची नळीवर फिरतो, चढतो, रबरी वॉशर टेकतो, आणि वरून पाहणाऱ्याला वाटते की बसला. हाताला तो थोडा सैल लागतो, एवढीच खूण. आट्यांची फक्त टोके एकमेकांना धरून असतात. इंजिन सावकाश चालवून पाहिले तर थेंबही गळत नाही. मग एखाद्या थंड सकाळी तेल घट्ट असताना गाडी सुरू होते, दाब एकदम चढतो आणि डबा नळीवरून सुटतो. पंप सगळे तेल रस्त्यावर ओततो. चालवणाऱ्याचे लक्ष काट्याकडे जाईपर्यंत बेअरिंग कोरडी झालेली असतात. मागून मोटारसायकलवर कोणी येत असेल, तर त्या तेलावर त्याचा जीवही धोक्यात असतो.

म्हणून डबा कोरड्या हाताने चढवून पाहावा आणि हलवावा. खडखडला तर परत करावा. वॉशर टेकण्याआधी किती फेरे झाले तेही मोजावे. दोन फेऱ्यांतच टेकला तर आट्यांची पकड अपुरी समजावी.

दुसरे माप वॉशरचे. आटे जुळले तरी रबरी वॉशर ठोकळ्याच्या सपाट भागावर पूर्ण बसला पाहिजे. तो कडेच्या बाहेर लोंबत असेल किंवा आतल्या भोकावर येत असेल, तर तो डबा आपला नाही.

तिसरे माप उंची आणि जाडीचे. आठ सिलिंडरच्या एक्झॉस्टची नळी लालभडक तापते. डबा तिच्याजवळ किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला घासेल असा नको. जमिनीकडेही इतका खाली नको की पहिल्याच गतिरोधकाला लागेल.

ही तीन मापे बाहेरून घेता येतात. पुढच्या दोन गोष्टी डब्याच्या आत असतात, आणि घाईत त्याच राहून जातात.

एक म्हणजे तेल परत वाहू न देणारी रबरी झडप. ज्यांच्या शेतात विहिरीवर पंप आहे त्यांना फूट व्हॉल्व्ह माहीत आहे. तो खराब झाला की पाइपातले पाणी रात्रीत विहिरीत उतरते आणि सकाळी पंप नुसताच फिरतो. फिल्टरमधली झडपही हेच काम करते. डबा तोंड वर करून खाली लोंबत असेल तर ती नसली तरी फार बिघडत नाही. आडवा किंवा उलटा असेल तर ती हवीच. नाहीतर रोज सकाळी डबा आधी भरेल आणि मग बेअरिंगला तेल मिळेल.

रोव्हरच्या या इंजिनात ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्याचा पंप समोरच्या झाकणात, चेंबरमधल्या तेलाच्या वर असतो. फिल्टर काढून गाडी बराच वेळ तशीच ठेवली तर पंप रिकामा होऊन हवा धरतो. पंप उघडला असेल तर त्याच्या दात्यांत व्हॅसलीन भरून तो बंद करतात, म्हणजे पहिल्याच फेऱ्याला तो तेल ओढतो. म्हणून जुना फिल्टर काढण्याआधी नवा हाताशी हवा. नेमका फिल्टर मिळेपर्यंत मुलाने जुना काढला नसेल, तर त्याने शहाणपणाच केला.

दुसरी गोष्ट बायपास झडप. कागद चोंदला किंवा तेल फार घट्ट असले, तर ही झडप उघडते आणि तेल न गाळता पुढे जाते. गढूळ तेल वाईट खरे, पण तेलच नसणे त्याहून वाईट. ही झडप कुठे ८-१० पौंडांच्या फरकाला उघडते, कुठे २० च्या पुढे. काही गाड्यांत ती ठोकळ्यातच असते आणि डब्यात नसली तरी चालते. ठोकळ्यातही नाही आणि डब्यातही नाही, असे मात्र होता कामा नये. चांगल्या कंपन्यांच्या कॅटलॉगात आटे, वॉशर, उंची आणि दोन्ही झडपांची माहिती छापलेली असते. आपली मापे घेऊन त्यात उलट बाजूने शोधता येते. काम चिकाटीचे आहे, पण उत्तर मिळते.

डबा मिळाल्यावरही घाई नको. जुन्या डब्याचा वॉशर कधी कधी ठोकळ्याला चिकटून राहतो. त्यावर नवा बसला की दोन वॉशर एकावर एक होतात आणि दाबाखाली निसटतात. म्हणून ठोकळा पुसून, बोट फिरवून पाहावा. नव्या वॉशरला तेलाचे बोट लावावे. डबा सरळ बसणारा असेल तर आधी तेलाने भरून घ्यावा. वॉशर टेकल्यावर डब्यावर लिहिले असेल तेवढेच, बहुधा पाऊण फेरा, हाताने आवळावे. मग इंजिन सुरू करून आधी दाबाचा काटा पाहावा, नंतर डब्याखाली हात फिरवावा. शेवटी इंजिन बंद करून तेलाची पातळी पुन्हा पाहावी. नळ्या आणि कूलर भरल्यावर ती उतरते.

काट्याविषयीही एक सूचना. मूळ एमजीबीचा काटा चालत्या गाडीत ५० ते ८० पौंड दाखवतो. रोव्हरच्या इंजिनाला मिनिटाला २४०० फेऱ्यांवर ३० ते ४० पौंड पुरेसे असतात. मालकाला जुन्या आकड्यांची सवय असेल तर तो घाबरून जाईल आणि दोष नव्या फिल्टरला देईल. त्याला हे आधीच समजावून सांगावे.

त्या भगिनीला आमचे उत्तर असे की अशा गाडीसाठी तीन दिवस लागणे हे काम कच्चे असल्याचे लक्षण नाही. पहिल्या दिवशी बसेल तो डबा लावून पैसे घेणे सोपे होते. गिऱ्हाईकाची गाडी कामगाराच्या हाती अमानत असते, आणि ‘अजून योग्य वस्तू मिळाली नाही’ हे तोंडावर सांगायला हिंमत लागते. मालकानेही थांबू दिले असेल, तर मुलगा चांगल्या उस्तादाकडे आहे. मुलाला आमचा एकच निरोप द्यावा. डबा सापडला की त्याचा नंबर, आट्यांचे माप आणि तारीख एका पत्र्यावर कोरून ठोकळ्याशेजारी लावावी आणि गाडीच्या कागदांतही ठेवावी. पुढच्या मिस्त्रीचे तीन दिवस वाचतील.

आपल्याकडच्या तरुणांनी हे वाचून घरच्या गाडीचे इंजिन बदलायला निघू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. पण प्रत्येकाने करावे असे एक काम आहे. पुढच्या वेळी गाडीचे तेल बदलाल तेव्हा गॅरेजात उभे राहा, जुना आणि नवा फिल्टर शेजारी ठेवायला सांगा आणि दोघांचे नंबर, आटे आणि वॉशर पाहून घ्या. मिस्त्री जाणकार असेल तर त्याला राग येणार नाही. नंबर वहीत लिहून ठेवा, आणि वही गाडीतच राहू द्या.