व्रत आपलं, पथ्य त्याचं



मागच्या आठवड्यात दर्शनाहून येताना एका भाभींनी विचारलं, "तुमच्या शेरूला आकडी येते ना? मग रोज चमचाभर खोबरेल तेल घाला आणि त्या गोळ्या बंद करा. मोबाइलवर आलंय." आमच्या कुडव्यात असा सल्ला फुकट मिळतो. म्हणून आज त्यावरच लिहिते.

सांगणाऱ्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजातल्या संशोधकांनी 2015 साली आकडीच्या 21 कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना तीन महिने एक आणि तीन महिने दुसरं असं खाणं दिलं होतं. त्यातल्या एका खाण्यात मध्यम साखळीची स्निग्धाम्लं असलेलं खास तेल होतं. त्या खाण्यावर आकड्या कमी झाल्या, तीन कुत्र्यांच्या तर पूर्ण थांबल्या. काहींना मात्र काहीच फरक पडला नाही. आणि मुख्य म्हणजे, त्या सगळ्या कुत्र्यांची औषधं चालूच होती. हेच निरोपातून गळून जातं. शिवाय आपलं खोबरेल म्हणजे ते तेल नव्हे. खोबरेलात लॉरिक आम्ल जास्त, उपयोगी ठरलेली आम्लं थोडी. एकदम तेल वाढवलं तर जुलाब होतात, स्वादुपिंडाला सूजही येऊ शकते.

आता माझी चूक सांगते. शेरू फिनोबार्बिटोन आणि पोटॅशियम ब्रोमाइड या दोन औषधांवर आहे. वर्षभर सगळं छान चाललं होतं. आश्विनाची ओळी आली. मी आयंबिल अळणी करते. वेगळा स्वयंपाक कोण करणार, म्हणून नऊ दिवस शेरूलाही अळणी भात-वरण घातलं. मनात म्हटलं, त्यालाही थोडं पुण्य लागेल. तो सुस्तावला, मागचे पाय लटपटायला लागले. पारणं झालं, दिवाळी आली. मग येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला शेव, चकली, पापड देऊ लागला. देवदिवाळीच्या आत त्याला दोनदा आकडी आली.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "खायला काय बदललंत?" मग समजावलं. मिठातलं क्लोराइड आणि औषधातलं ब्रोमाइड यांना मूत्रपिंड जवळजवळ सारखंच वागवतं. मीठ वाढलं की ब्रोमाइड लघवीवाटे लवकर निघून जातं आणि आकडी परत येते. मीठ कमी झालं की औषध अंगात साठतं आणि जनावर झोकांड्या खातं. म्हणजे मी एका महिन्यात दोन्हीकडून घोळ घातला होता. गोळी एकही चुकली नव्हती, चुकलं होतं ताट.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. पथ्य हा औषधाचा जोडीदार आहे, त्याच्या जागी बसणारा नाही. फिनोबार्बिटोन एकदम बंद केलं तर आकड्या उलट जोरात येतात. त्या गोळीने भूक वाढते. तो सारखा मागतो म्हणून घालत राहिलं तर वजन वाढतं. रोज तेच, तेवढंच, त्याच वेळी. काहीही बदलायचं तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

आपल्या स्वयंपाकघराचा एक फायदा आहे. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतोच, तो आपल्याकडे नसतो. पण चॉकलेट आणि मनुकाही त्याला विष आहेत, म्हणून प्रसादातल्या मनुका वेचून काढा. काही शुगर-फ्री गोळ्यांत झायलिटॉल असतं. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम घसरते आणि आकडी येऊ शकते.

शेरूची गोळी सकाळी सात आणि संध्याकाळी सात, बारा तासांनी. हिवाळ्यात सूर्यास्त लवकर होतो, माझा चौविहार असतो, तरी त्याची गोळी पोळीच्या तुकड्यात सातलाच जाते. रात्रिभोजनाचा त्याग मी घेतलाय, त्याने नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध सांगितला आहे, म्हणजे आश्रित जिवाचं अन्नपाणी अडवणं. माझ्या मते आजारी जनावरावर आपलं व्रत लादणंही त्याच वाटेवरचं.

मी एक वही ठेवली आहे: तारीख, वेळ, आकडी किती मिनिटं, त्या दिवशी काय खाल्लं. डॉक्टरांना त्या वहीचा फार उपयोग होतो. तुमच्याकडे असं जनावर असेल तर आजच वही घाला. आकडी आली की तोंडात हात घालू नका, आजूबाजूच्या वस्तू हलवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली किंवा एकामागोमाग आली, तर थांबू नका, ताबडतोब दवाखाना.

ओळी परत येईल. या वेळी शेरूचा डबा वेगळा शिजेल, रोजच्याच चवीचा. मागच्या वर्षीबद्दल त्याला मनोमन मिच्छामि दुक्कडम् म्हणून झालंय.