केडगावच्या जुन्या जीपचा फोकस: परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

गळीत हंगाम सुरू झाला की केडगाव-चौफुल्याला रात्री डोळा लागत नाही. पुणे-सोलापूर महामार्गाला इथे शिरूर-न्हावऱ्याकडून भीमा ओलांडून येणारा रस्ता छेदतो आणि पुढे सुप्यावरून बारामतीकडे जातो. चारही दिशांनी उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, कांद्याच्या गोण्यांचे टेम्पो आणि दुधाच्या गाड्या येत-जात असतात. या गर्दीत एक वाहन अजूनही हटकून दिसते, ते म्हणजे वीस-तीस वर्षे वापरलेली महिंद्राची जीप. कुणाची एमएम ५४०, कुणाची कमांडर, तर एखाद्याने आजोबांची म्हणून जपलेली सीजे.

पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे आणि नारायण महाराजांच्या बेटामुळे केडगाव बाहेरच्यांना माहीत असते. गावकऱ्यांचे रोजचे गाव मात्र उसाच्या सऱ्या, गुऱ्हाळे आणि कालव्याकडेच्या कच्च्या वाटा यांनी बनलेले आहे. शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते आणि रात्रीची पाळी आली की पाणी द्यायला अंधारातच रानात जावे लागते. भीमेच्या दोन्ही काठांना, शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत, उसात बिबट्या मुक्कामाला असतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसे गेली, हे आपणही वाचले असेल. अशा वाटेवर जुन्या जीपचा पिवळा, मिणमिणता उजेड वीस पावलांवर संपतो. म्हणून माणसे हेडलाइट बदलायला निघतात. हौस म्हणून बदलणारेही असतील, पण बहुतेकांना पुढचे काही दिसत नाही म्हणून ते बदलावे लागतात.

आणि इथूनच घोटाळा सुरू होतो.

जीपचा मालक गॅरेजमध्ये जाऊन म्हणतो, ‘लाइट लागत नाही.’ त्याच्या हातात ठेवला जातो १००/९० वॅटचा बल्ब, नाहीतर मागे छोटा पंखा असलेला एलईडी बल्ब. पहिल्या रात्री गाडीपुढे पांढरेशुभ्र चांदणे पसरते आणि मालक खूश होतो. समोरून येणारा दुचाकीवाला मात्र त्याच क्षणी आंधळा होतो. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसेल, तर डोळे दिपलेल्या त्या दुचाकीवाल्याला ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

मुळात जुन्या जीपचा उजेड कमी का पडतो, हे कुणी तपासत नाही. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीपची जोडणी भारतात सुरू केली, तेव्हापासून या घराण्याच्या गाड्यांना सात इंची गोल हेडलाइट आहे. हे माप अमेरिकेत १९४० साली ठरले आणि जगभर पसरले. त्यामुळे आज साध्या सील्ड बीमच्या जागी एच-४ हॅलोजनचा दिवा त्याच खोबणीत बसतो, पत्रा कापावा लागत नाही. एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. वाकडीतिकडी वाट पन्नास-साठ मीटरपर्यंत दाखवायला तेवढा पुरतो. अट इतकीच, की बल्बपर्यंत पूर्ण वीज पोचली पाहिजे.

ती पोचत नाही. जुन्या वायरिंगमध्ये हेडलाइटची सगळी वीज बॅटरीकडून डॅशबोर्डवरच्या स्विचमध्ये येते, तिथून डिप्परच्या स्विचमध्ये जाते आणि मग पुढच्या दिव्यांपर्यंत. सीजेसारख्या जुन्या जीपमध्ये तर हा डिप्पर पायाने दाबायचा, फ्लोअरवर बसवलेला. धूळ, चिखल, गाडी धुतल्याचे पाणी, सारे त्याच्यावर. वर्षानुवर्षे गंजलेले टर्मिनल, बारीक झालेल्या तारा आणि बॉडीला नीट न बसलेली अर्थिंग, प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी वीज गळते. हॅलोजनचा स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्के कमी झाले की उजेड दहा टक्क्यांनी कमी होत नाही, सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट आणि बल्बवर साडेअकरा, असे जुन्या गाडीत सहज घडते. त्या वेळी बल्ब आपला चाळीस टक्क्यांहून अधिक उजेड गमावून बसलेला असतो.

अशा गाडीत १०० वॅटचे दोन बल्ब लावले तर सोळा-सतरा अँपिअर करंट त्याच थकलेल्या तारांतून आणि स्विचमधून जातो. आधी होल्डर वितळतो, मग स्विच. डॅशबोर्डमागून जळका वास आला की माणूस चालत्या गाडीत अंधारात हात घालतो.

खरा उपाय स्वस्त आहे आणि चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला तो पाठ आहे. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत जाड तार, मध्ये फ्यूज आणि अप्पर-डिप्परसाठी दोन रिले. जुना स्विच मग फक्त रिलेला इशारा देतो, जड करंट त्याच्यातून जातच नाही. अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्हकडे. काळवंडलेला रिफ्लेक्टर असेल तर नवा, मान्यतेची खूण असलेला सात इंची एच-४ दिवा. काही शे रुपयांची तार आणि रिले, दिव्याचे पैसे वेगळे, अर्ध्या दिवसाचे काम. एवढ्याने त्याच ५५ वॅटच्या बल्बचा उजेड ओळखू न येण्याइतका बदलतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांत वाढीव काही जात नाही.

एलईडीला विरोध करण्याचे कारण नाही. नव्या गाड्यांत तो आहे आणि उत्तम आहे, कारण त्याचा रिफ्लेक्टर आणि काच त्याच्यासाठीच घडवलेली आहे. हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब खोचला की बिघडते. हॅलोजन बल्बमधली तार जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांब असते आणि डिप्परच्या तारेखाली एक छोटी वाटी असते, ती वर जाणारा उजेड अडवते. एलईडीची चिप त्या जागेपासून मिलिमीटरभर हलली तरी उजेडाची कडा विस्कटते आणि तो वर, झाडांच्या शेंड्यांत आणि समोरच्या काचेत फेकला जातो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. भारतात गाडी डावीकडून चालते, म्हणून डिप्परच्या उजेडाची कडा डावीकडे, रस्त्याच्या कडेला, किंचित वर चढायला हवी. अमेरिका किंवा चीनसाठी बनवलेला दिवा ऑनलाइन मागवला तर ती कडा उजवीकडे चढते. मग डिप्पर मारूनही तो दिवा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवरच रोखलेला राहतो. असे दिवे उघडपणे विकले जातात आणि घेणाऱ्याला विकणारा हे सांगत नाही. ही बाब आपल्या कार्यालयाने गंभीरपणे घ्यावी.

आता कायद्याबद्दल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्याने लिहिले गेले. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दिपवणाऱ्या उजेडावर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ आहे. गाडीपुढे आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला दिव्याने दिपवता कामा नये, इतका उजेड खाली झुकवलेला असावा, असे तो सांगतो. हा नियम शहाणपणाचा आहे, कारण तो समोरच्या माणसाच्या डोळ्यापासून मोजमाप सुरू करतो.

पण केडगावच्या जीपवाल्याला कोणता बदल चालतो, हे कुठेच एका जागी, मराठीत, साध्या शब्दांत लिहिलेले नाही. नवी तार आणि रिले टाकणे हा फेरफार आहे का? मूळ सील्ड बीम आता सहज मिळत नाही, त्याजागी एच-४ घातला तर दंड होईल का? संपूर्ण एलईडी दिवा, डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनवलेला, मान्यतेची खूण असलेला, तो चालेल का? उत्तर मिळत नाही म्हणून प्रामाणिक माणूस मिणमिणत्या उजेडात गाडी हाकतो आणि बेफिकीर माणूस टपावर लाइट बार लावून हिंडतो.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्येच एक दार उघडले आहे. बदलांसाठी मानके आणि मान्यतेच्या अटी ठरवण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. सीएनजी किटला अशी वाट आहे, जुन्या गाडीला विजेवर चालवण्याच्या किटलाही आहे. हेडलाइटला का नसावी? जर्मनीने २०२० मध्ये हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एका एलईडी बल्बला रस्त्यावर वापरण्याची मान्यता दिली. सरसकट नव्हे, तपासलेल्या ठरावीक गाड्यांच्या यादीपुरती, आणि मालकाने तो कागद गाडीत बाळगायचा. आपल्याकडे याहून सोपे आहे, कारण जुन्या जीपचा दिवा एकाच मापाचा, सात इंची गोल. त्याची तपासणी करणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर उभी आहे. सात इंची दिव्यांची मान्यताप्राप्त यादी करावी, अशी शिफारस महाराष्ट्राने केंद्राकडे केली तर तिचा फायदा देशातल्या प्रत्येक जुन्या जीपला होईल.

दुसरी मागणी आपल्या स्वतःच्या अधिकारातली आहे. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर परिवहन विभाग कारखान्यांच्या आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची शिबिरे घेतो. ते चांगले काम आहे. त्याच शिबिरात फोकस तपासणी जोडावी. यंत्र नसले तरी चालेल. सपाट जमीन, एक पांढरी भिंत आणि खडू पुरतो. गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करायची, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर आखायची आणि डिप्परची कडा त्या रेघेच्या दहा सेंटिमीटर खाली आणायची. जीपचा दिवा जमिनीपासून पंचाऐंशी सेंटिमीटरवर असेल, तर असा उजेड पंचाऐंशी मीटरवर रस्त्याला टेकतो. साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला ब्रेक लावून थांबायला कोरड्या डांबरावर पन्नासेक मीटर लागतात, म्हणजे तेवढा उजेड पुरेसा आहे. मोठे टायर घातलेली, सस्पेन्शन उचललेली किंवा मागे कांद्याच्या गोण्या भरलेली जीप नाक वर करते. तिचा फोकस एका अंशाने जरी चढला तरी पन्नास मीटरवर उजेड सुमारे सत्त्याऐंशी सेंटिमीटर वर जातो, थेट समोरच्याच्या छातीवरून डोळ्यांत. म्हणून तपासणी भरलेल्या गाडीची व्हावी.

आणि ती अंधार पडल्यावर व्हावी. जुन्या गाडीचे पासिंग उन्हात होते, दिवा लागतो की नाही एवढेच त्यात कळते. तो कुठे पडतो, हे संध्याकाळनंतरच दिसते.

पहिले शिबिर केडगावला घ्यावे, अशी विनंती आहे. दौंड तालुक्याच्या गाड्या बारामती कार्यालयाच्या एमएच-४२ मध्ये येतात, शिरूरच्या पुण्याच्या एमएच-१२ मध्ये. दोन्ही तालुक्यांच्या जीपा याच चौफुल्यावर भेटतात, त्यामुळे दोन्ही कार्यालयांचे निरीक्षक एकाच संध्याकाळी बोलावता येतील. केडगावच्या उपबाजारात कांद्याचे लिलाव संपले की आवार मोकळे होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, कारखान्यांचे बॉयलर पेटण्याच्या सुमारास, एखादा दिवस ठरवून ग्रामपंचायतीला कळवावे. भिंतीला चुना लावून ठेवायचे काम गाव करेल.

आपला,
केडगावचा एक रहिवासी
ता. दौंड, जि. पुणे